निळा मर्फी : नामांची सहा पानं आणि मराठी चा-ची-चे

रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ साली पहिल्यांदा काढलं. २०१९ साली त्याची पाचवी आवृत्ती आली. निळं मुखपृष्ठ, मोठा आकार, १४५ युनिट, आणि प्रत्येक युनिट समोरासमोरच्या दोन पानांत संपवलेलं : डावीकडे समजावणी, उजवीकडे सराव. या पुस्तकाचं कौतुक होतं ते बहुतेक वेळा काळांसाठी, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट आणि मंडळींसाठी. इथे मात्र फक्त नामांच्या भागाचं परीक्षण आहे : अनेकवचन, जोडनाम, मालकीचा अपॉस्ट्रॉफी-एस (’s) आणि डोन’टसारखी आखूड रूपं. मराठी माणसाचं लिखित इंग्रजी या चार जागांवर सर्वांत जास्त घसरतं, आणि क्लासमध्ये नेमका हाच भाग ‘हे तर सोपं आहे’ म्हणून जेमतेम उरकला जातो.

वाचण्याआधी दोन सोयीच्या गोष्टी. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत आहेत. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी जिथे येते तिथेच ती खूण ठेवली आहे. आणि युनिटच्या क्रमांकाची दुप्पट केली की त्याचा पान क्रमांक मिळतो. युनिट ८० हवं असेल तर थेट पान १६० उघडा, अनुक्रमणिका चाळायची गरज नाही.

नामांसाठी वाचायचा क्रम असा : ६९ आणि ७० (मोजता येणारी व न येणारी नामं), ७९ (एकवचन-अनेकवचन), ८० (नामाला नाम जोडणं), ८१ (अपॉस्ट्रॉफी-एस आणि ऑफ), ८३ (अ फ्रेंड ऑफ माइन), मग मागचं परिशिष्ट ५ (आखूड रूपं) आणि परिशिष्ट ६ (स्पेलिंग). मध्ये ७१ ते ७८ ही आर्टिकलची युनिट येतात. ती फार चांगली आहेत, पण नामांचं काम एका दमात उरकायचं असेल तर पहिल्या फेरीत ओलांडून जा.

अनेकवचन : प्रत्यय सोपा, मोजणी अवघड

एस कधी लावायचा आणि ईएस कधी, हे परिशिष्ट ६ मध्ये एका दृष्टिक्षेपात सापडतं : बस-बसेस, बॉक्स-बॉक्सेस, बेबी-बेबीज, पोटॅटो-पोटॅटोज. दहा मिनिटांचं काम. खरी अडचण पुढे आहे. कोणती वस्तू मोजायची हे मराठी एका पद्धतीने ठरवते, इंग्रजी दुसऱ्या पद्धतीने. आपण बातम्या ऐकतो, सल्ले देतो, आपले केस गळतात, पैसे संपतात. ही सगळी मराठीत बिनतक्रार अनेकवचनं. इंग्रजीत न्यूज, अ‍ॅडव्हाइस, हेअर, मनी ही चारही एकवचनी क्रियापद घेतात. म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं सहज येतं. युनिट ७० मध्ये हेअरचे दोन्ही वापर समोरासमोर ठेवलेत : डोक्यावरचे केस म्हणजे हेअर, सूप पिताना त्यात सापडलेला एक केस म्हणजे अ हेअर. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन याच घरातले. ऑफिसातली ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘स्टेशनरीज’ ही रूपं तुमच्या ईमेलमध्ये असतील, तर ६९ आणि ७० वगळून पुढे जाऊ नका. नग सांगायचाच असेल तर अ पीस ऑफ फर्निचर, टू पीसेस ऑफ इक्विपमेंट.

युनिट ७९ उलट्या दिशेचं आहे. मराठीत कात्री एक, चष्मा एक, पायजमा एक. इंग्रजीत सिझर्स, ग्लासेस, पजामाज, ट्राउझर्स, जीन्स हे सगळे अनेकवचनी, कारण वस्तू दोन जुळ्या भागांची. ‘द सिझर इज ऑन द टेबल’ चूक. ‘द सिझर्स आर’ बरोबर. एकच आहे हे सांगायचं तर अ पेअर ऑफ सिझर्स. हाच नियम पकड आणि चिमट्यालाही लागू होतो, म्हणजे प्लायर्स आणि ट्वीझर्स. याच पानावर फिजिक्स, इकॉनॉमिक्स, पॉलिटिक्स ही शेवटी एस असूनही एकवचनी असलेली नामं येतात. सीरीज, स्पीशीज, मीन्स ही दोन्ही वचनांत तशीच राहणारी आणि पोलीस हा कायम अनेकवचनी शब्दही इथेच आहेत. गव्हर्नमेंट, टीम, स्टाफ यांना ब्रिटिश वळणात दोन्ही क्रियापदं चालतात, अमेरिकन वळणात बहुधा एकवचनीच. पुस्तक ब्रिटिश वळणाचं आहे आणि अमेरिकन फरकांसाठी शेवटी परिशिष्ट ७ दिलंय. अमेरिकी कंपनीशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी ते वाचावं.

रक्कम, अंतर आणि अवधी यांचा नियमही ७९ मध्येच आहे, आणि आपल्याकडे तो जवळपास कुणी शिकवत नाही. ‘पाच लाख रुपये लागले’ इथे मराठी क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत पूर्ण रक्कम एक गोष्ट धरतात : फाइव्ह लाख रुपीज वॉज स्पेंट. तसंच थ्री इयर्स इज अ लाँग टाइम, टू किलोमीटर्स इज नॉट फार.

एक भर मराठी वाचकाने स्वतः घालावी, कारण कोणत्याही ब्रिटिश लेखकाला ती सुचणार नाही. आपलं आदरार्थी अनेकवचन. ‘बाबा आले आहेत’, ‘सर शिकवतात’ असं रोज बोलणारा नवशिक्या ‘माय फादर हॅव कम’, ‘सर टीच’ लिहून मोकळा होतो. त्याला कर्ता ओळखता येत नाही असं नाही. मान द्यायची सवय क्रियापदापर्यंत पोहोचते. मुलांना शिकवताना युनिट ७९ च्या डाव्या पानाच्या समासात एवढं लिहून ठेवा : इंग्रजीत मान क्रियापदात दाखवत नाहीत.

युनिट ८० : पुस्तकातली सर्वांत मोलाची दोन पानं

‘आंब्याचं झाड’, ‘शाळेची बस’, ‘स्वयंपाकघराचं दार’, ‘टेबलाचा पाय’. चार ठिकाणी चा-ची-चे आलं की हात आपोआप अपॉस्ट्रॉफी-एसकडे जातो आणि ‘मँगो’स ट्री’, ‘स्कूल’स बस’, ‘किचन’स डोअर’, ‘टेबल’स लेग’ तयार होतात. इंग्रजीत यातलं एकही सहज वाटत नाही. तिथे दोन नामं नुसती शेजारी ठेवतात : मँगो ट्री, स्कूल बस, किचन डोअर, टेबल लेग. मराठी माणसाच्या इंग्रजीतली ही सर्वांत पसरलेली चूक आहे, आणि या युनिटचा सराव तिच्यावर अगदी नेमका बसतो. उजव्या पानावरचा पहिलाच स्वाध्याय वर्णन देतो आणि जोडनाम मागतो : मैफलीचं तिकीट, तर कॉन्सर्ट तिकीट. तो लिहून सोडवा. तोंडी सोडवला तर चा-ची-चे मनात तसंच राहतं.

नियमही मराठी व्याकरण शिकलेल्याला परका नाही. राजाचा वाडा म्हणजे राजवाडा, घरातलं काम म्हणजे घरकाम. शाळेत पाठ केलेल्या तत्पुरुष समासात विभक्तीचा प्रत्यय गळतो आणि मुख्य शब्द शेवटी येतो. इंग्रजी जोडनामाची बांधणी हीच. शेवटचा शब्द वस्तू सांगतो, आधीचा तिचा प्रकार सांगतो. हॉर्स रेस ही शर्यत, रेस हॉर्स हा घोडा. तीन-चार नामांची साखळी आली तरी शेवटाकडून उलगडायची : हॉटेल रिसेप्शन डेस्क म्हणजे शेवटी एक डेस्कच. ‘सिटी वॉटर सप्लाय डिपार्टमेंट ऑफिस’ असल्या सरकारी पाट्याही याच रीतीने सुटतात. पुस्तकात समासाचा उल्लेख अर्थातच नाही, पण मराठी शिक्षकाने ही सांगड घालून दिली तर हे युनिट एका तासात पक्कं होतं.

मर्फींनी वाइन ग्लास आणि अ ग्लास ऑफ वाइन यांतला फरक दाखवलाय : पहिला रिकामाही असू शकतो, दुसऱ्यात वाइन असते. आपल्याकडे ‘चहाचा कप’ आणि ‘कपभर चहा’. टपरीवर ‘वन टी कप’ मागितलात तर इंग्रजी कानाला तुम्ही भांडं मागताय असं वाटेल. पेय हवं तर अ कप ऑफ टी.

जोडनामातला पहिला शब्द एकवचनी राहतो, वस्तू कितीही असोत. पुस्तकांचं दुकान बुकशॉप, बूटांचं शू शॉप. अपवाद मोजके आणि नेहमीच्या वापरातले : स्पोर्ट्स शॉप, क्लोद्स शॉप, सेव्हिंग्ज अकाउंट, कस्टम्स ऑफिसर. आकडा जोडला तरी नियम तोच. पाच दिवसांचा आठवडा म्हणजे फाइव्ह-डे वीक, तीन तासांचा प्रवास म्हणजे थ्री-अवर जर्नी, दहा वर्षांची मुलगी म्हणजे अ टेन-इयर-ओल्ड गर्ल. मराठीत ‘दिवसांचा’, ‘वर्षांची’ असं अनेकवचनाचं सामान्यरूप डोळ्यांसमोर असतं, म्हणून ‘फाइव्ह डेज वीक’ लिहिलं जातं. मध्ये आडवी रेघ, आणि रेघेआधीचं नाम एकवचनी, हे एकदा डोक्यात बसलं की ते कायमचं. शी इज टेन इयर्स ओल्ड या वाक्यात मात्र रेघही नाही आणि एकवचनही नाही, कारण तिथे पुढे नाम नाही. पुस्तकातल्या ‘कोणतं बरोबर?’ प्रकारच्या स्वाध्यायात हे दोन्ही नमुने मुद्दाम मिसळलेत. तिथे घाई करू नका.

जोडनाम एका शब्दात लिहायचं, दोन शब्दांत की रेघेने, याला ठाम नियम नाही, हे मर्फी सरळ सांगतात आणि शंका असेल तर दोन शब्द लिहा असा सल्ला देतात. सल्ला व्यवहारी आहे. परीक्षेत किंवा छापील मजकुरात मात्र कोश बघा, कारण हेडेक, बुकशॉप, सनग्लासेस हे एका शब्दात पक्के झालेत.

युनिट ८० मध्ये दोन गोष्टींची उणीव भासते. पहिली, जोडनामाचंच अनेकवचन. सासवा म्हणजे मदर्स-इन-लॉ, मदर-इन-लॉज नव्हे. वाटसरू म्हणजे पासर्स-बाय. उपविजेते म्हणजे रनर्स-अप. मुख्य नाम सुरुवातीला असेल तर एस त्यालाच लागतो. मुख्य नाम शेवटी असेल किंवा शब्दात नामच नसेल तर एस शेवटी : ग्रोन-अप्स, टेक-ऑफ्स. मॅन आणि वुमन आधी आले तर दोन्ही शब्द बदलतात, विमेन डॉक्टर्स. चाइल्ड बदलत नाही, चाइल्ड अ‍ॅक्टर्स. मालकी दाखवताना मात्र खूण नेहमी संपूर्ण शब्दाच्या टोकाला : माय मदर-इन-लॉ’स हाउस. सरकारी परीक्षांच्या इंग्रजीत ही रूपं विचारली जातात, तेव्हा पान १६० च्या खाली ती हाताने लिहून ठेवा.

दुसरी उणीव उच्चाराची, आणि ती जास्त महत्त्वाची. जोडनामात जोर सहसा पहिल्या शब्दावर पडतो. ग्रीनहाउस, म्हणजे रोपांसाठीचं काचगृह, म्हणताना जोर ग्रीनवर. हिरव्या रंगाचं घर म्हणताना हाउसवर. इंग्लिश टीचर म्हणताना पहिल्या शब्दावर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारे शिक्षक, दुसऱ्यावर दिला तर इंग्लंडचे शिक्षक. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही शब्द सारख्या वजनाने उच्चारतो आणि ऐकणारा गोंधळतो. पुस्तकात जोराच्या खुणा नाहीत. चांगल्या शिकाऊ कोशात त्या असतात; युनिट ८० सोडवताना कोश शेजारी उघडा ठेवा आणि प्रत्येक जोडनामाचा जोर पेन्सिलीने टिंब देऊन दाखवा.

युनिट ८१ : खूण कुठे, आणि मुळात हवी का

युनिट ८० नंतर लगेच ८१ करावं, मध्ये दिवस घालवू नये. चा-ची-चे हा आपला प्रत्यय इंग्रजीत तीन वाटांनी जातो आणि ही दोन युनिट मिळून त्या वाटा दाखवतात. माणसं आणि प्राणी असतील तर बहुधा अपॉस्ट्रॉफी-एस. वस्तू आणि कल्पना असतील तर बहुधा ऑफ : द नेम ऑफ द बुक. वस्तूचा प्रकार किंवा भाग असेल तर नुसती शेजारी ठेवलेली नामं : टेबल लेग. संस्था, शहरं आणि देश यांना पहिल्या दोन्ही वाटा खुल्या : द कंपनी’स सक्सेस किंवा द सक्सेस ऑफ द कंपनी, द सिटी’स स्ट्रीट्स, द वर्ल्ड’स पॉप्युलेशन.

प्राण्यांपाशी एक बारकावा आहे, तो जाता जाता नोंदवून ठेवावा. जिवंत प्राणी जे देतो त्याला सहसा अपॉस्ट्रॉफी-एस : काऊ’स मिल्क, शीप’स वूल. प्राणी मारून मिळतं ते नुसतं जोडनाम : चिकन सूप, फॉक्स फर. गाईचं दूध आणि कोंबडीचं सूप मराठीत एकाच प्रत्ययाने चालतात, इंग्रजीत दोन वेगळ्या रचनांनी.

खुणेची जागा ठरवताना एकच रीत वापरा. आधी मालकाचं नाम पूर्ण लिहा, वचनासकट. ते एसने संपणारं अनेकवचन असेल तर नुसती खूण, नसेल तर खूण आणि एस. मित्र एक : माय फ्रेंड’स हाउस. मित्र अनेक : माय फ्रेंड्स’ हाउस. चिल्ड्रन हे अनेकवचन असूनही एसने संपत नाही, म्हणून चिल्ड्रन’स. तसंच विमेन’स आणि मेन’स. दुकानाच्या पाटीवर ‘मेन’स वेअर’ दिसतं ते बरोबर आहे. ‘लेडी’स टेलर’ म्हणजे एकाच बाईचा शिंपी. हवं ते लेडीज’, खूण एसच्या पलीकडे. ‘फोटो’स’, ‘पिझ्झा’स’, ‘सीडी’स’ या पाट्यांवर तर खुणेचं कामच नाही, ती नुसती अनेकवचनं आहेत.

आडनावांचं हेच, आणि लग्नपत्रिकांमध्ये इथेच घोटाळा होतो. जोशी कुटुंब म्हणजे द जोशीज, खुणेशिवाय. त्यांचं घर म्हणजे द जोशीज’ हाउस, खूण शेवटी. ‘द जोशी’स इन्व्हाइट यू’ चूक. कुलकर्णी, रानडे, गोखले सगळ्यांना नुसता एस लागतो. नाव मुळातच एसने संपत असेल, जसं श्रीनिवास किंवा दास, तर श्रीनिवास’स आणि नुसती खूण, दोन्ही रूपं चालतात. एका मजकुरात एकच ठेवा.

दोघांचं मिळून एक असेल तर खूण शेवटच्या नावाला, प्रत्येकाचं वेगळं असेल तर प्रत्येकाला. इथे मराठी आपल्याला मदत करते : ‘राम आणि श्यामचं दुकान’ म्हणजे राम अँड श्याम’स शॉप, ‘रामचं आणि श्यामचं दुकान’ म्हणजे राम’स अँड श्याम’स शॉप्स. पण मालकाचं वर्णन लांबलं की मराठी आडवी येते. ‘वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव’ यात वर्णन आधी आहे, प्रत्यय माणसाला चिकटतो. इंग्रजीत वर्णन नंतर येतं, त्यामुळे अपॉस्ट्रॉफी-एस लावायला सोयीची जागाच उरत नाही : द नेम ऑफ द मॅन हू लिव्ह्ज अपस्टेअर्स. मर्फींनी हा नमुना दिलाय.

काळवाचक शब्दांचा भाग या युनिटमध्ये सर्वांत उपयोगी ठरतो. यस्टरडे’स न्यूजपेपर, नेक्स्ट वीक’स मीटिंग, अ वीक’स हॉलिडे, टेन मिनिट्स’ वॉक. बायोडेटातली ‘टेन इयर्स एक्स्पिरियन्स’ ही ओळ इथेच दुरुस्त होते. बरोबर रूपं टेन इयर्स’ एक्स्पिरियन्स किंवा टेन इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स. युनिट ८० ची थ्री-अवर जर्नी आणि ८१ ची थ्री अवर्स’ जर्नी शेजारी लिहून बघा. पहिलीत रेघ, एकवचन आणि आधी अ. दुसरीत अनेकवचन आणि खूण, अ नाही. उजव्या पानावर घरून निघायची आणि पोहोचायची वेळ देऊन प्रवास किती तासांचा ते लिहायला लावणारी वाक्यं आहेत. ती दोन्ही पद्धतींनी सोडवा, उत्तरसूचीत एकच असली तरी.

मग युनिट ८३, कारण ‘माझा एक मित्र’ हा शब्दक्रम आपल्याला ‘माय वन फ्रेंड’ लिहायला लावतो. इंग्रजी कानाला त्याचा अर्थ ‘माझा एकुलता एक मित्र’ असा जाणवतो. अ फ्रेंड ऑफ माइन किंवा वन ऑफ माय फ्रेंड्स. दुसऱ्या रूपात फ्रेंड्स अनेकवचनी असतं, ते विसरू नका.

आखूड रूपं : एका परिशिष्टाएवढी जागा

परिशिष्ट ५ मध्ये तक्ता स्वच्छ आहे : आय’म, यू’व्ह, शी’ल, डोन’ट, वोन’ट. ‘खूण-एस’ म्हणजे इज किंवा हॅज, लेट’स मध्ये अस. ‘खूण-डी’ म्हणजे वुड किंवा हॅड. ओळखायची युक्ती अशी : डीच्या पुढे मूळ क्रियापद असेल तर वुड, आय’ड गो. तिसरं रूप असेल तर हॅड, आय’ड गॉन. बेटर आलं तर कायम हॅड. होकारी आखूड रूप वाक्याच्या शेवटी येत नाही. यस, आय अ‍ॅम असंच म्हणायचं, यस, आय’म नाही. नकारी चालतं, नो, आय डोन’ट. मी-साठी ‘अ‍ॅमन’ट’ प्रमाण इंग्रजीत वापरत नाहीत. प्रश्नाच्या शेपटीला आरन’ट आय येतं.

पुस्तकाने इथे आणखी दोन पानं द्यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मालकी आणि आखूड रूप यांची टक्कर नेमकी इथे होते. इट’स म्हणजे इट इज किंवा इट हॅज. ‘त्याचा’ या अर्थाचं इट्स खुणेशिवाय. मराठी मन ‘त्याचा’तला प्रत्यय पाहून खूण देऊन टाकतं. पक्की कसोटी : त्या जागी इट इज घालून वाक्य मोठ्याने वाचा, अर्थ लागला तरच खूण. हर्स, अवर्स, यूअर्स, देअर्स या सर्वनामांनाही कधीच खूण लागत नाही. हू’ज आणि हूज यांचं तेच : पहिलं हू इज, दुसरं कोणाचा.

फोनवर लिहिणाऱ्यांना आणखी एक धोका. डोन’टमधली खूण गाळली तर उरलेलं रूप इंग्रजीत शब्द नाही, म्हणून कीबोर्ड बहुधा स्वतः दुरुस्त करतो. आय’लमधली गाळली तर उरतं इल, म्हणजे आजारी. वी’लमधून वेल, शी’लमधून शेल, शी’डमधून शेड, वी’रमधून वर. हे सगळे खरे शब्द आहेत, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसू शकतो. मजकूर पाठवण्याआधी या पाचांवर स्वतः नजर टाका. अर्ज, निविदा आणि परीक्षेतल्या निबंधात तर आखूड रूपं टाळलेलीच बरी. मित्राला लिहिताना बिनदिक्कत वापरा.

अनेकवचनाचा आणि मालकीचा एस मोठ्याने कसा म्हणायचा, याला या युनिटमध्ये जागा नाही. कॅट्सचा स अघोष, डॉग्जचा सघोष, बसेसला पूर्ण अक्षराची भर. मालकीच्या रूपांनाही तेच तीन उच्चार. आपण सगळीकडे स म्हणतो. आठवड्याभराच्या सरावाने तो सुधारतो.

पद्धत आणि खरेदी

एका बैठकीत एकच युनिट. डावं पान वाचून झाकायचं, उजवं पेन्सिलीने सोडवायचं, मागच्या उत्तरसूचीशी ताडायचं. प्रत्येक चुकलेल्या वाक्याशेजारी डाव्या पानाच्या कोणत्या भागात (ए, बी, सी) त्याचा नियम आहे ते अक्षर लिहायचं. नुसती बरोबर-चूक खूण केली तर पुढच्या आठवड्यात तीच चूक होते. अक्षर लिहिलं की नेमकं कुठे परतायचं ते कळतं. आठवड्याने खोडून पुन्हा सोडवा.

पुस्तक मध्यम पातळीसाठी आहे. साधी वाक्यं अजून जुळत नसतील तर याच लेखकाचं लाल मुखपृष्ठाचं, ११५ युनिटचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ आधी घ्या. निळ्यात उत्तरसूची असलेली आणि नसलेली अशा दोन प्रती मिळतात. घरी एकट्याने शिकणाऱ्याने मुखपृष्ठावर ‘विथ आन्सर्स’ आहे ना ते बघूनच पैसे द्यावेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर वापरलेल्या प्रती सापडतात, त्यांची उजवी पानं शाईने भरलेली नाहीत याची खात्री करा. पदपथावरच्या नकली छपाईपासून लांब राहा : अस्पष्ट छपाईत सर्वांत आधी बारीक खुणा जातात, आणि पान १६२ वर फ्रेंड’स आणि फ्रेंड्स’ एकसारखे दिसू लागले तर त्या युनिटचा काही उपयोग नाही. दुकानात उभ्या उभ्या तेच पान उघडून उजेडात धरा आणि खुणा वाचता येतात का ते तपासा.